किन्हवलीची रेंज आणि किन्हवलीचे पान

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, शहापूर आणि मुरबाड यांना जोडणाऱ्या पट्ट्यात वसलेले किन्हवली हे आसपासच्या खेड्यापाड्यांच्या दृष्टीने बाजाराचे, शिक्षणाचे आणि पोलीस ठाण्याचे गाव आहे. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण वस्तीचा मोठा भाग याच दोन तालुक्यांत राहिला. या भागातील इंटरनेटचा विचार आजवर बहुधा एकाच प्रश्नापाशी थांबला आहे, तो म्हणजे रेंज येते की नाही. जोडणीतून आलेला मजकूर कोणी लिहिला आणि या परिसराबद्दलचे पान या परिसरातील माणसाने लिहायचे झाले तर त्याला काय लागते, हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला गेला. भातसा आणि तानसा या धरणांचे पाणी मुंबईकडे जाते आणि मजकूर मात्र मुंबईकडून इकडे येतो, अशी ही एकेरी वाहतूक आहे. प्रस्तुत आढाव्यात हे दोन्ही प्रश्न एकत्र घेतले आहेत, कारण जोडणी जितकी अशक्त तितके पान हलके असावे लागते आणि पान हलके कसे ठेवावे हे ते लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

भारतात संगणकजाळ्याचे पहिले प्रयोग ठाण्यापासून फार दूर झाले नाहीत. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यातील एक महत्त्वाचे केंद्र जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होते, आणि विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा पहिल्या शहरांत मुंबईचा समावेश होता. त्या काळी संगणकाला मोडेम लावून, म्हणजे संगणकाच्या संदेशाचे टेलिफोनच्या आवाजात आणि आवाजाचे पुन्हा संदेशात रूपांतर करणारे यंत्र लावून, सेवा देणाऱ्याच्या क्रमांकाला फोन करावा लागे. मुंबई आणि ठाणे शहरांतील टेलिफोन महानगर टेलिफोन निगमाकडे होते, तर शहापूर ०२५२७ आणि मुरबाड ०२५२४ अशा स्वतंत्र एसटीडी क्रमांकांवर होते, त्यामुळे इथून मुंबईच्या क्रमांकाला फोन लावणे म्हणजे इंटरनेटच्या दराशिवाय बाहेरगावच्या संभाषणाचा दर भरणे होते. अंतर जेमतेम एका लोकल प्रवासाचे असले तरी टेलिफोनच्या हिशेबात किन्हवली परगावच होती.

ग्रामीण महाराष्ट्रात इंटरनेट नेण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न कोल्हापूरच्या वारणानगर परिसरात १९९८ मध्ये हाती घेतलेला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प होय, ज्यात सुमारे ७० गावांत संगणककेंद्रे उभारून ऊस, दूध आणि बाजारभाव यांची माहिती मराठीतून देण्याचा विचार होता. वारणेच्या मागे साखर कारखाना आणि दूध संघ होता. शहापूर-मुरबाडच्या भातशेतीला आणि पाड्यांना तसे सहकाराचे पाठबळ नव्हते, म्हणून इथे हे काम सरकारी योजनांच्या वाटेने आले. २००६ मध्ये मंजूर झालेली सामाईक सेवा केंद्रांची योजना, २०११ पासून ग्रामपंचायतींत आलेली ‘संग्राम’ केंद्रे आणि पुढे त्यांची जागा घेणारी ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ ही त्याच वाटेवरची ठिकाणे. लोक अजूनही यांतल्या कोणत्याही केंद्राला सर्रास ‘सेतू’ म्हणतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला तेव्हा तलाठ्याच्या दारातील खेपा कमी झाल्या हे खरे, तथापि या केंद्रांतून मिळणारा इंटरनेट हा मध्यस्थाकडून मिळणारा इंटरनेट आहे. काउंटरपलीकडे बसलेला चालक कळपाटावर बोटे चालवतो आणि अलीकडे उभा असलेला अर्जदार छापील कागद घेऊन जातो. त्याला पडदा दिसतोच असे नाही.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि त्यानंतरच्या दरयुद्धात डेटा इतका स्वस्त झाला की बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांच्या दृष्टीने इंटरनेट म्हणजे मोबाइल हे समीकरण पक्के झाले. त्याच वर्षीच्या नोटबंदीनंतर १ डिसेंबरला मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले आणि दुकानदारांना स्वाइप मशीन देण्यात आली. हा प्रयोग आढाव्याच्या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण स्वाइप मशीनला प्रत्येक व्यवहारागणिक बँकेच्या संगणकाशी बोलावे लागते आणि ते बोलणे खंडित झाले की गिऱ्हाइकासमोर रोखीखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर उघड झाली.

जोडणी का तुटते, याची कारणे भूगोलातही आहेत. मोबाइलचा मनोरा रेडिओलहरींनी बोलतो, आणि ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या कमी कंपनसंख्येच्या लहरी लांबवर पोचतात व भिंतीतून बऱ्यापैकी शिरतात, तर २३०० मेगाहर्ट्झसारख्या जास्त कंपनसंख्येच्या लहरी भरपूर डेटा वाहतात पण लवकर क्षीण होतात. माळशेजच्या पायथ्याकडील, आजोबा डोंगराच्या किंवा माहुली किल्ल्याच्या कुशीतील दहा-पंधरा घरांच्या पाड्याला मधल्या सोंडेमुळे मनोरा ‘दिसत’ नाही, आणि इतक्या थोड्या ग्राहकांसाठी नवा मनोरा उभारणे कंपनीला परवडत नाही. त्यात पावसाळ्यात वीज गेली की मनोरा बॅटरीवर चालतो आणि बॅटरी उतरली की रेंज जाते. जमिनीखालच्या प्रकाशीय तंतूला, म्हणजे काचेच्या केसासारख्या धाग्यातून प्रकाशाच्या लुकलुकीने संदेश नेणाऱ्या केबलला, पावसाचे आणि डोंगराचे वावडे नसते. पण रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीचे असते. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेचे उद्दिष्ट असा तंतू प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे होते. ग्रामपंचायतीच्या कपाटापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र वेगळाच राहिला, आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ने किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय देण्याची मुभा दिली ती याच टप्प्यासाठी. जुलै २०२२ मध्ये केंद्राने सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी फोर-जी मनोऱ्यांचा खर्च मंजूर केला. ‘ब्रॉडबँड’ या शब्दाची सरकारी व्याख्याही याच काळात सरकत गेली: २००४ मध्ये सेकंदाला २५६ किलोबिट, नंतर ५१२ किलोबिट आणि २०२३ पासून २ मेगाबिट.

आता पानाकडे वळता येईल. वर्ल्ड वाइड वेब, ज्याला मराठीत कोणी महाजाल तर कोणी आंतरजाल म्हणतात, ते आणि इंटरनेट एकच नव्हे. इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारे रस्ते, आणि वेब म्हणजे त्या रस्त्यांवरून होणारी पानांची देवाणघेवाण, जिची मांडणी टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ पासून केली आणि जी त्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी कोणताही मोबदला न मागता सर्वांना खुली केली. पान पाहणाऱ्याच्या फोनमधील ब्राउझर पानाची मागणी करतो आणि सर्व्हर, म्हणजे पाने साठवून चोवीस तास जागा राहणारा संगणक, ते पाठवतो. प्रत्येक सर्व्हरला आयपी पत्ता नावाचा अंकांचा पत्ता असतो, आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव त्या अंकांशी जुळवण्याचे काम डोमेन-नावांची यंत्रणा करते. शेतकऱ्याला ही जोडी नवी नाही; घरात ज्याला ‘माळावरचे शेत’ म्हणतात त्याला तलाठ्याच्या दप्तरात गट क्रमांक असतो, आणि शेत विकले तरी नाव लोकांच्या तोंडी राहते, तसे सर्व्हर बदलला तरी डोमेन-नाव कायम ठेवता येते.

पान स्वतः काय असते, याविषयी मात्र नवख्यांच्या मनात विनाकारण धास्ती आढळते. वेबपान ही मजकुराची साधी फाइल असते, जिच्यात जागोजागी खुणा केलेल्या असतात. छापखान्यात हस्तलिखितावर ‘हे ठळक’, ‘इथे नवा परिच्छेद’ अशा खुणा करून ते खिळेजुळाऱ्याकडे देत, त्याच जातीच्या या खुणा आहेत आणि त्यांच्या संचाला एचटीएमएल म्हणतात. कोनी कंसात ‘एच-१’ लिहिले की मथळा सुरू होतो, ‘पी’ लिहिले की परिच्छेद, ‘यूएल’ लिहिले की यादी. आणि त्याच खुणेआधी तिरकी रेघ दिली की तो भाग संपतो. ‘ए’ या अक्षराच्या खुणेने दुवा तयार होतो, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याची वाट. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे भरणाऱ्या यात्रेचे पान करायचे झाल्यास यात्रेचे नाव मथळ्यात, खांबलिंगेश्वराच्या देवस्थानाची आणि गुरांच्या बाजाराची माहिती दोन परिच्छेदांत, मुरबाडहून येण्याची वाट यादीत आणि तालुक्याच्या दुसऱ्या एखाद्या पानाचा दुवा शेवटी, एवढ्यावर भागते. संगणकातील नोटपॅडमध्ये हे लिहून फाइलच्या नावाअखेर टिंब देऊन ‘एचटीएमएल’ जोडले आणि फाइल उघडली की ब्राउझर ते पान दाखवतो. रंग, अक्षराचा आकार आणि मांडणी यांच्यासाठी सीएसएस नावाची वेगळी भाषा आहे आणि पानाला हालचाल देण्यासाठी जावास्क्रिप्ट आहे. पहिल्या पानाला या दोन्हींची गरज नसते. वर्डप्रेससारख्या तयार साधनांनी खुणा न शिकताही पान होते आणि ते वापरण्यात कमीपणा नाही, परंतु ज्याने एकदा हाताने खुणा केल्या त्यालाच तयार साधनाने आत काय भरून ठेवले आहे ते उमगते.

मराठी पानाची खरी अडचण अक्षरांची होती आणि काही अंशी अजून आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, अंक ओळखतो, म्हणून प्रत्येक चिन्हाला अंक ठरवून द्यावा लागतो. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी जगातील लिप्यांना एकत्र घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही देवनागरीसह आली. तरीही पुढची बरीच वर्षे मराठी छपाई आणि टंकलेखन अशा फॉण्टांवर चालले ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. असा मजकूर वेबवर टाकला की ज्याच्या संगणकात तो फॉण्ट नसेल त्याला रोमन अक्षरांची भेळ दिसे, म्हणून मराठी संकेतस्थळे आधी ‘फॉण्ट उतरवून घ्या’ असे सांगत आणि मगच वाचायला देत. शोधयंत्रांना तर त्यात मराठी असल्याचे कळतच नसे. विंडोजबरोबर येऊ लागलेल्या ‘मंगल’ या युनिकोड फॉण्टने ही कोंडी बरीच फोडली, आणि तो फॉण्ट रेखाटणारे र. कृ. जोशी हे मराठी कवी आणि सुलेखनकार होते, ही गोष्ट मराठी वाचकांना अजून पुरेशी ठाऊक नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्येच वाढला. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ मात्र स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये यायला २००८ उजाडले.

युनिकोडमध्ये ‘किन्हवली’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण संगणकापुरती ती आठ चिन्हे असतात: क, इकाराची वेलांटी, न, हलन्त, ह, व, ल आणि ईकाराची वेलांटी. यूटीएफ-८ या वेबवरील रूढ साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, तेव्हा गावाचे नाव २४ बाइटांत मावते. हे ठाऊक असले की टंकलेखनातील पुष्कळ गोंधळ आपोआप सुटतात. ‘इन्स्क्रिप्ट’ हा भारतीय भाषांचा प्रमाण कळपाट याच तत्त्वावर, आधी व्यंजन आणि मग स्वर, असा चालतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कळपाट शिकायला सोपे असले तरी ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ष’ यांच्यापाशी अडखळायला लावतात. ‘कातकऱ्यांची’ या शब्दातला ऱ्य दोन वेगवेगळ्या चिन्हमालिकांनी लिहिता येतो, दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि संगणकाच्या साध्या शोधाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटू शकतात. म्हणून पानाच्या आरंभी दोन घोषणा विसरू नयेत: मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे ही पहिली, आणि भाषा मराठी आहे ही दुसरी. या दुसऱ्या घोषणेमुळे सोय असलेला फॉण्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निवडतो आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर हिंदीऐवजी मराठी उच्चार शोधते. गावाचे नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, तेव्हा शोधणाऱ्याच्या सोयीसाठी त्यांतील रूढ रूपे पानात कुठेतरी यावीत.

पानाचे वजन हा या आढाव्यातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. सुमारे हजार चिन्हांचा, म्हणजे पोस्टकार्डावर दाटीने बसेल एवढा मराठी मजकूर ३ किलोबाइट होतो. खोऱ्यातल्या पाड्यात फोन टू-जीवर उतरला आणि प्रत्यक्षात सेकंदाला ४० किलोबिट, म्हणजे ५ किलोबाइट, एवढाच वेग मिळाला तरी तो मजकूर एका सेकंदाच्या आत पोचतो. त्याच पानावर फोनने काढलेले ४ मेगाबाइटचे छायाचित्र जसेच्या तसे टाकले तर त्याला तेरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे ते पोचतच नाही, कारण इतका वेळ कोणी थांबत नाही. सेकंदाला २ मेगाबिट हा ब्रॉडबँडचा किमान वेग मिळाला तरी १६ सेकंद जातात. छायाचित्र आकाराने लहान करून ६० किलोबाइटवर आणले तर टू-जीवरही ते १२ सेकंदांत उतरते आणि फोनच्या पडद्यावर फरक जाणवतही नाही. शहरातील वेगवान जोडणीवर बसून केलेल्या अनेक संकेतस्थळांवर फिरती छायाचित्रे आणि सरकत्या सूचना असतात, आणि ज्या नागरिकासाठी ती केलेली असतात त्याच्या फोनवर पांढरा पडदा राहतो. या अनुभवाला लोक ‘रेंज नाही’ म्हणतात. पुष्कळदा रेंज असते, पान जड असते. छायाचित्रासोबत त्याचे वर्णन शब्दांत देणे आणि महत्त्वाची सूचना चित्रात न देता मजकुरात देणे या सवयींनीही निम्मे काम होते. ग्रामसभेची नोटीस छायाचित्र काढून पाठवण्याची जी रीत व्हॉट्सॲपने रुजवली, तिच्यामुळे ती नोटीस शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीनाला ऐकूही येत नाही.

तयार पान सर्व्हरवर ठेवण्याला होस्टिंग म्हणतात. साध्या पानांसाठी गिटहब पेजेस किंवा गूगल साइट्स अशा मोफत जागा आहेत, आणि स्वतःचे डोमेन-नाव वार्षिक शुल्क भरून घ्यावे लागते. देवनागरीतील ‘.भारत’ हे नाव २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळते आणि त्यात मराठीचा समावेश आहे, मात्र अनेक अर्जनमुने आणि ईमेल सेवा असा पत्ता अजून नीट स्वीकारत नाहीत, त्यामुळे तूर्त त्याच्या जोडीला रोमन पत्ता ठेवणे व्यवहार्य ठरते. मोफत जागेला एक धोका असतो: जिओसिटीज ही एकेकाळची प्रचंड लोकप्रिय मोफत सेवा २००९ मध्ये बंद झाली, आणि छोट्या दुकानदारांना गूगलने आपल्या व्यवसाय-नोंदीसोबत दिलेली मोफत पानेही मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. मूळ फाइल स्वतःच्या संगणकात आणि पेनड्राइव्हवर जपून ठेवणारा अशा वेळी घर बदलतो, इतरांचे घर जाते. लाभार्थ्यांचे फोन आणि आधार क्रमांक पानावर टाकू नयेत, हे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर वेगळे सांगायला नको.

हे शिकवणारी व्यवस्था अगदीच नाही असे म्हणता येत नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम नोकरीच्या अटीमुळे तालुक्या-तालुक्यांत पसरला, आणि २०१७ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने ६ कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला साक्षर करण्याचे लक्ष्य ठेवले. दोन्हींचा भर वापरावर राहिला: अर्ज भरणे, पैसे पाठवणे, माहिती शोधणे. या भागातील दोन उदाहरणे मात्र वेगळी दिशा दाखवतात. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा या आदिवासी वस्तीवरील जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड या शिक्षकांनी सौरऊर्जेवर चालणारी डिजिटल शाळा केली आणि तिचे अनुकरण राज्यभर झाले. विजेची वाट न पाहता काम सुरू करता येते, हे तिने दाखवले. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेत म्हाताऱ्या बायका स्वतःचे नाव लिहायला शिकल्या. अंगठ्याच्या जागी सही येणे म्हणजे काय, हे ज्या तालुक्याने पाहिले आहे त्याला पान वाचणे आणि पान लिहिणे यांतील अंतर समजावून सांगण्याची गरज पडू नये.

या अंतराच्या आड येणारे कारण म्हणून शाळा-महाविद्यालयांतून बहुधा जोडणीकडेच बोट दाखवले जाते, आणि हे कारण टिकणारे नाही. पान लिहायला इंटरनेट लागत नाही. ते जगाला दाखवायला लागतो, आणि तोही एखाद्या मिनिटापुरता. खुणा करणे, देवनागरी टंकणे, छायाचित्र लहान करणे, दुवे तपासणे ही सारी कामे जोडणी नसलेल्या संगणकावर होतात, आणि एका साध्या वाय-फाय राउटरच्या आधारे वर्गातील फोनांना आपलीच पाने आपल्याच संगणकावरून दाखवताही येतात. तेव्हा किन्हवली परिसरातील शाळा-महाविद्यालयांनी रेंज गेलेल्या दिवशी संगणक कक्षाला कुलूप लावू नये. पान लिहिण्याचा तास त्याच दिवशी ठेवावा.